बोलोन्याला कशाला?



गेल्या महिनाभरात तिघांचे फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच. "मावशी, इटलीत दहा दिवस आहेत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस धरलंय. तू ते बोलोन्या म्हणत होतीस, तिथे काय आहे बघायला?" प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

आधी खरं सांगते. 'बघायला' म्हणाल तर रोमसारखं काही नाही. गावाच्या मुख्य चौकातलं सान पेत्रोनिओ हे चर्च १३९० मध्ये बांधायला घेतलं आणि त्याच्या दर्शनी भिंतीचं काम अर्धवटच राहिलं. खाली संगमरवर, वर उघड्या विटा. सहाशे वर्षं झाली, कुणाला घाई नाही! दोन प्रसिद्ध मनोरे आहेत, पण त्यातला बुटका गारिसेंडा इतका कलला आहे की २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याभोवतीचा परिसर बंद करावा लागला. आम्ही २०२४ मध्ये गेलो तेव्हा शेजारच्या ९७ मीटर उंच आसिनेल्लीवरही चढता येत नव्हतं. (ह्यांना हायसं वाटलं. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत.)

नात तिथे शिकायला होती म्हणून आमचं आठ दिवस राहणं झालं. नाहीतर आम्हीही सहलवाल्यांच्या बसमधून शेजारून निघून गेलो असतो.

आमच्या वयाच्या माणसांसाठी पहिलं कारण म्हणजे तिथल्या ओसऱ्या. तिकडे त्यांना पोर्तिको म्हणतात, पण मला ओसरी हाच शब्द बरा वाटतो. घराचा वरचा मजला पुढे आलेला, खाली खांब आणि कमानी, आणि त्या सावलीतून रस्ता. सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात म्हणे. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. ऊन असो, पाऊस असो, छत्री न उघडता गावभर फिरावं.

ह्या आल्या कुठून, तर विद्यापीठामुळे गाव फुगलं, राहायला जागा पुरेना, तेव्हा लोकांनी वरच्या खोल्या लाकडी खांबांवर रस्त्यात पुढे काढल्या. म्हणजे सरळ सरळ अतिक्रमण! पण नगराच्या कारभाऱ्यांनी ते पाडत बसण्याऐवजी १२८८ मध्ये नियमच केला की नवं घर बांधायचं तर पुढे ओसरी हवीच, आणि खालून घोडेस्वार जाईल इतकी उंच हवी. जागा मालकाची, डागडुजी त्याची, चालायचं सगळ्यांनी. आपल्याकडे फुटपाथवर दुकान येतं. तिथे दुकानावर फुटपाथचं छप्पर आलं.

सर्वांत लांब ओसरी गावाबाहेरच्या टेकडीवर सान लुकाच्या देवळाकडे जाते. ६६६ कमानी, जवळजवळ चार किलोमीटर. आम्ही छोट्या पर्यटक गाडीने वर गेलो आणि उतरताना चालत आलो. त्या देवळातली मेरीमातेची तसबीर दर वर्षी मिरवत गावात आणतात. १४३३ मध्ये पाऊस थांबेना, पिकं सडायला लागली, तेव्हा तिला खाली आणलं आणि पाऊस थांबला, तेव्हापासूनची ही प्रथा. आपण पाऊस पड म्हणून देवाला पाण्यात ठेवतो, त्यांनी थांब म्हणून देवी उतरवली. पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी लोकांनी त्या वाटेवर छप्पर उभारायला घेतलं, जाणारे-येणारे भिजू नयेत म्हणून. पालखीबरोबर चाललेल्या माणसाला ह्यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

आता खाण्याचं. बोलोन्याला 'लठ्ठ' असं लाडाचं नावच आहे. मी अंडं खाते, मांस नाही, हे सगळ्यांना माहीत आहेच. त्यामुळे ह्या गावात माझं काय होणार ही काळजी होती, कारण इथलं निम्मं स्वयंपाकघर डुकरावर चालतं. तर शाकाहारींनी एवढं ध्यानात ठेवा. टॉर्टेलिनी म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या, आत मांस, रश्शात घातलेल्या. टॉर्टेलोनी म्हणजे मोठ्या, आत बहुधा रिकोटा चीज, वरून लोणी आणि सेजची पानं. फरक एका मात्रेचा! शुद्धलेखनाला इतकी किंमत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. क्रेशेंतीना नावाची पुरीसारखी फुगलेली भाकरी दिसेल, तिच्यात बरेचदा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, ते कडक शाकाहारींना चालणार नाही. हे पदार्थावर कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून सांगते. आणि ज्याला जगभर 'स्पॅगेटी बोलोन्येझ' म्हणतात ते तिथे मागू नका. तो खिम्याचा रस्सा तिथे टाल्यातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांवर घालतात. ह्यांनी तो तीनदा खाल्ला, चौथ्यांदा मी नजरेने थांबवलं.

पण माझं मन रमलं ते चौकामागच्या बाजारात. गल्ल्यांची नावं जुन्या धंद्यांची, सोनारांची, मासळीवाल्यांची, कापडवाल्यांची, आपल्या पुण्याच्या तांबट आळीसारखी. तिथे एका दुकानाच्या काचेआड दोन बायका कणीक लाटत होत्या. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. लाटणं जवळजवळ माझ्या कमरेइतकं लांब. पोळी लाटत नाहीत, ती लाटण्यावर गुंडाळून ताणत नेतात. टेबलभर झाली की उचलून उजेडात धरतात. तिच्यातून पलीकडे सान लुकाची टेकडी दिसली पाहिजे, असं तिथे म्हणतात.

मी काचेला नाक लावून उभी. आमच्या खानदेशात आई पुरणाचे मांडे करायची. दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत पोळी खेळवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची. तीही अशीच, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. माझ्या हाताला ते जमलं नाही, माझ्या बहिणीलाही नाही. आमच्या घरात मांडे आईबरोबर थांबले. किती जाड, कणीक किती सैल, खापर किती तापलेलं, हे कुणी लिहिलं नाही. विचारलं तर ती म्हणायची, "हाताला कळतं."

बोलोन्यात त्यांनी हाताला कळतं ते कागदावर उतरवलं. १९७२ मध्ये तिथल्या व्यापारी मंडळाच्या कचेरीत टाल्यातेल्लेची रुंदी रीतसर नोंदवली. शिजल्यावर ८ मिलिमीटर. नमुना म्हणून सोन्याची पट्टी करून ठेवली आहे, आणि ही रुंदी म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असा हिशेबही दिला आहे. १९८२ मध्ये खिम्याच्या रश्शाची कृती नोंदवली. ऐकून आधी हसू येतं. मलाही आलं. पण काचेआडची ती थोराड बाई शेजारच्या तरुण मुलीच्या हातातलं लाटणं जरा तिरकं करून देत होती, ते पाहिल्यावर हसू ओसरलं.

बोलोन्याला 'विदुषी' असंही म्हणतात. विद्यापीठाचं साल १०८८ मानतात. सुरुवातीच्या काळात तिथे विद्यार्थीच गुरुजींना नेमायचे आणि पगार द्यायचे. गुरुजी उशिरा आले किंवा नेमलेला भाग शिकवला नाही, तर दंड! तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला हे ऐकून घाम फुटला. आणि १७३२ मध्ये लॉरा बास्सी ह्या बाईंना इथे पदवी मिळाली, त्याच वर्षी त्यांना प्राध्यापकपद दिलं. आपल्याकडे तेव्हा पहिल्या बाजीरावांची पेशवाई होती. त्यांनी पुढे घरीच प्रयोगशाळा मांडून पदार्थविज्ञान शिकवलं, मुलंबाळं सांभाळून.

सान पेत्रोनिओत दुपारी जरूर जा. कास्सिनीने १६५५ मध्ये जमिनीवर आखलेली ६७ मीटर लांबीची रेघ आहे. छतातल्या भोकातून येणारा सूर्याचा ठिपका बरोबर मध्यान्हीला ती ओलांडतो. भूगोल शिकवणाऱ्यांना हे तासभर पुरेल.

शेवटचं कारण फक्त आपल्यासाठी. बोलोन्याहून फोर्लीला जाणारी गाडी पकडा, तासाभराच्या आतच पोचते. कास्तेल बोलोन्येझे स्टेशन गेलं की फाएन्झाच्या आधी एक लहानशी नदी लागते, सेनिओ. चुकवू नका, क्षणात जाते. ९ एप्रिल १९४५ ला ह्या नदीवर (रेल्वे ओलांडते तिथे नव्हे, पुढे उत्तरेला) आपल्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव ह्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायाने सुरुंग पेरलेल्या काठावरून, खोल पाण्यातून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पलीकडे आणलं. मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब टाकले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बारा दिवसांनी, २१ एप्रिलला, बोलोन्या मुक्त झालं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा धडा आमच्या पुस्तकात कधी नव्हता.

फोर्लीत भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. एका बाजूला थडग्यांच्या रांगा, आणि ज्यांचं दहन झालं अशा सातशेहून अधिक जणांच्या नावांचं वेगळं स्मारक. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. हे चष्मा पुसून एकेक नाव मोठ्याने वाचत होते. जाधव, पवार, शिंदे अशी ओळखीची आडनावं शोधत होते आणि नंतर न शोधताच सगळी वाचायला लागले.

जाणार असाल तर फुलं स्टेशनाजवळूनच घ्या, तिथे आसपास दुकान नाही. झेंडू मिळाला नाही, आम्ही पिवळी जरबेरा नेली.