अलीनाच्या आईसाठी



चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्या की डब्याला काय द्यायचं, यावर लिहा असं बऱ्याच जणींनी सांगितलंय. ते पुढच्या वेळी नक्की. आज एका संगीतकाराबद्दल लिहिते. गेले सात-आठ महिने त्यांनी माझ्या घरात बिऱ्हाडच थाटलंय.

त्यांचं नाव आर्वो पॅर्त. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या चिमुकल्या देशाचे. आपल्या एका पुण्यात त्या सगळ्या देशापेक्षा जास्त माणसं राहतात! जन्म ११ सप्टेंबर १९३५ चा, म्हणजे वयाची नव्वदी गाठलेली. माझी लेक बर्लिनला शिकते. तिने एका रात्री व्हॉट्सॲपवर त्यांची एक छोटीशी पियानोची रचना पाठवली. सोबत मजकूर काही नाही. त्याच्या आदल्या दिवशी फोनवर आमचं थोडं बिनसलं होतं. डिसेंबरात बर्लिनला चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. "आई, माझा वर्ग पाचला सुटतो, रात्रीचं जेवण सोडणं मला जमत नाही," असं तिने सरळ सांगितलं. लहानपणापासून सूर्यास्तापूर्वी जेवणारी मुलगी ही. मला ते आवडलं नाही. आजही आवडत नाही. पण त्यावर मी बोलले काहीच नाही, आणि आमच्या घरात आईचं न बोलणं फार मोठ्याने ऐकू येतं.

त्या रचनेचं नाव 'फ्यूर अलीना', म्हणजे 'अलीनासाठी'. १९७६ सालची. अलीना ही पॅर्त यांच्या ओळखीच्या घरातली तरुण मुलगी. ती इंग्लंडला गेली आणि आई मागे राहिली. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, मनात आलं की तिकीट काढून भेटून यावं असे ते दिवस नव्हते. रचनेवर नाव लेकीचं असलं तरी ती लिहिली होती त्या मागे राहिलेल्या आईला धीर म्हणून. हे वाचल्यावर मी ती पुन्हा लावली.

मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही. आमच्याकडे संगीत म्हणजे मंदिरातली पूजा, भक्तामर आणि सासऱ्यांची जुनी हार्मोनियम. पण ही रचना त्या हार्मोनियमवरही समजते. सुरुवातीला खर्जात एक सूर वाजतो आणि घुमत राहतो. मग उजवा हात सप्तकातल्या कुठल्याही सुरावर जातो, वर-खाली भटकतो. डावा हात मात्र तीनच सुरांत राहतो, सा, कोमल ग आणि प. उजवा कुठेही गेला की डावा आपल्या तिघांतला त्याच्या जवळचा सूर त्याला देतो. ताल नाही, घाई नाही. पहिल्या ओळी अगदी दोन-तीन सुरांच्या, मग एकेक सूर वाढत जातो आणि नंतर तसाच एकेक कमी होतो. सगळं मिळून दोन पानं. सबंध रचनेत एकदाच डावा हात आपले तीन सूर सोडून बाहेर पाऊल टाकतो, आणि त्या जागी पॅर्त यांनी कागदावर एक लहानसं फूल काढलेलं आहे. ते ठिकाण मला आता कानाने ओळखता येतं. मी तिथे हातातलं काम थांबवते.

एवढे मोजके सूर लिहिणारा माणूस सुरुवातीला असा नव्हता. लहानपणी राक्वेरे गावात घरी जो पियानो होता त्याच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या, म्हणून हा मुलगा अगदी वरच्या आणि अगदी खालच्या सुरांवरच खेळायचा. गावच्या चौकात लाउडस्पीकरवर रेडिओचं संगीत लागायचं, ते ऐकत तो सायकलवर चौकाला फेऱ्या मारायचा. राक्वेरेच्या चौकात आज सायकलवाल्या मुलाचा पुतळा उभा आहे. पुढे ताल्लिनला शिक्षण, रेडिओत ध्वनिमुद्रणाची नोकरी आणि तेव्हाच्या पद्धतीचं कर्कश, गुंतागुंतीचं संगीत. ते मी ऐकून पाहिलं. तुम्हाला आग्रह करणार नाही.

१९६८ मध्ये त्यांनी 'क्रेडो' लिहिलं. त्यात येशूवरच्या श्रद्धेचा उघड उच्चार होता. नास्तिक राजवटीत असं काही वाजवायचं म्हणजे काय होणार! मोठा गहजब झाला आणि अधिकाऱ्यांची मर्जी गेली. पण त्यानंतरचं मौन सरकारने लादलेलं नव्हतं. आपली भाषाच आपल्याला उरली नाही, असं त्यांना वाटत होतं. जवळजवळ आठ वर्षं. मधे १९७१ ची एक सिंफनी आणि पोटासाठी चित्रपटांचं संगीत, बाकी फार काही नाही. या काळात ते चर्चमधलं शेकडो वर्षांपूर्वीचं एकसुरी गायन ऐकत, वह्यांमागून वह्या भरत. १९७२ मध्ये त्यांनी ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. त्यांनीच सांगितलेली एक आठवण आहे. रस्ता झाडणाऱ्या एका माणसाला त्यांनी विचारलं, संगीतकाराने कसं लिहावं? तो म्हणाला, त्याला एकेका सुरावर प्रेम करावं लागेल. विद्यालयात इतकी वर्षं काढली, पण असं कुणी सांगितलं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

मैत्रिणींनो, मला त्या आठ वर्षांत सर्वांत जास्त कुतूहल वाटतं ते त्यांच्या पत्नीचं. नोरा स्वतः संगीत शिकलेल्या. नवरा लिहीत नाही, वह्या भरतोय, पानं टाकून देतोय, आणि पदरात लहान मुलं. त्या घरात डबे कसे भरले जात असतील, हे कुठल्याच लेखात नसतं. पण या नव्या संगीताचं सर्वांत नेमकं वर्णन नोरा यांनीच केलंय, एक अधिक एक बरोबर एक. दोन हात, पण आवाज एकच. पॅर्त यांनी त्याचा अर्थ असा सांगितला की भटकणारा सूर म्हणजे माझ्या चुका आणि तीन सुरांत राहणारा म्हणजे क्षमा.

इथे आपल्याला लगेच क्षमावणी आठवते. मलाही आठवली. तरी दोन्ही एकच, असं म्हणायची घाई मी करणार नाही. त्यांची क्षमा वरून येते, देवाची कृपा म्हणून. आपल्याकडे वरून क्षमा करणारं कुणी नाही. कर्म ज्याचं त्यानेच झिजवायचं, आणि क्षमा मागायची ती शेजारणीची, जावेची, मुंगीची. पण डाव्या हाताचं एक मला पटलं. तो उजव्याला ओढून परत आणत नाही, आणि स्वतःचे तीन सूरही सोडत नाही.

१९८० च्या जानेवारीत या कुटुंबाला देश सोडावा लागला. ब्रेस्टच्या सरहद्दीवरच्या स्टेशनात सामानाची झडती झाली. सात सुटकेसा, त्यांत बहुतेक संगीतच. शिपाई म्हणाले, ऐकू या. मग त्या रिकाम्या, भल्यामोठ्या स्टेशनात 'कांटुस' वाजलं, आणि झडती घेणारी माणसं मवाळ झाली. निघाले होते इस्रायलला, पण व्हिएन्नाच्या स्टेशनवर एका संगीत प्रकाशन संस्थेचा माणूस भेटला आणि ते तिथेच राहिले. पुढच्या वर्षी बर्लिन. तिथे जवळजवळ तीस वर्षं काढून २०१० च्या सुमारास ते मायदेशी परतले. ताल्लिनपासून जवळ, लाउलास्माच्या पाइनच्या जंगलात २०१८ साली त्यांच्या वह्यांसाठी आणि संगीतासाठी एक सुंदर वास्तू उभी राहिली. लेक म्हणते, आपण जाऊ. बघू.

आपल्या मुंबईशीही एक धागा आहे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं 'मार्सिअस' हे प्रचंड लाल शिल्प २००२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागलं होतं. ते पाहून पॅर्त यांना आपण जिवंतपणीच आपल्या मृतदेहासमोर उभे आहोत असं वाटलं, आणि त्यांनी 'लामेंटाते' लिहिलं, मेलेल्यांसाठी नव्हे तर जिवंत माणसांसाठी विलाप. मला ते जड गेलं. 'पास्सिओ' तर तासाहून मोठं. माझी बैठक सामायिकाच्या ४८ मिनिटांची, त्यापुढे पाय आणि मन दोन्ही कुरकुरतात.

ऐकायचंच असेल तर आधी 'फ्यूर अलीना', मग व्हायोलिन आणि पियानोचं 'श्पीगेल इम श्पीगेल'. कुकर, मिक्सर बंद असताना ऐका, कारण यात आवाजाइतकीच मधली शांतता लिहिलेली आहे. 'कांटुस' सर्वांत शेवटी. इंग्रज संगीतकार ब्रिटन १९७६ च्या डिसेंबरात वारले, त्यांच्या स्मरणार्थ ते लिहिलंय. एक घंटा आणि तंतुवाद्यं, बास. सगळे सूर पायरी-पायरीने खाली उतरत येतात, कुणी भरभर, कुणी त्याच्या निम्म्या वेगाने, आणि आपापल्या तळाशी पोचून थांबतात. त्या गदारोळात घंटेचा शेवटचा टोल इतका हळू पडतो की तेव्हा तो कळतही नाही. तंतुवाद्यं एकदम थांबतात आणि मग तो ऐकू येतो. तेव्हा संपलं असं वाटून मोबाईल लगेच बंद करू नका.