आवर्ती ठेवीतला युरोप

युरोपचा प्रवास म्हणजे मोठ्या साहेबांचे काम, असे आपल्या वस्त्यांत आजही मानले जाते. कारकुनाने फार तर महाबळेश्वर पाहावे, असा जणू अलिखित नियमच आहे. आम्ही उभयतांनी मे २०२५ मध्ये तेरा दिवसांत ॲमस्टरडॅम, कोलोन, प्राग आणि व्हिएन्ना ही चार शहरे पाहिली. त्याचा हिशेब, आणि हिशेबापेक्षाही तिथे काय पाहिले ते, समाजबांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पैशाचे बोलू. सहा वर्षे आम्ही दरमहा ३,५०० रुपयांची आवर्ती ठेव भरली. एका प्रवासी कंपनीने माणशी पावणेतीन लाख सांगितले. आम्ही सर्व आरक्षणे स्वतः केली आणि दोघांचे मिळून २ लाख ६१ हजारांत जाऊन आलो. नातेवाईक म्हणाले, "एवढ्यात घराची दुरुस्ती झाली असती." त्यावर पत्नीने उत्तर दिले, "भिंती पुढच्या वर्षीही रंगवता येतील. गुडघे पुढच्या वर्षी असेच राहतील का?" तिथे विषय संपला.

शेंगेन व्हिसाचे शुल्क माणशी ९० युरो आहे. एक युरो तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता. ३०,००० युरोंचे विमा संरक्षण सक्तीचे आहे. कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि बँकेचा उतारा आधीच तयार ठेवावा. मुक्काम आम्ही हॉस्टेलांत केला. पलंगावर पलंग, सामाईक न्हाणीघर आणि सामाईक स्वयंपाकघर. चाळीत वाढलेल्या माणसाला यात काय अवघड? तांदूळ, मुगाची डाळ आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून तूप घरीच राहिले. रोज रात्री खिचडी व्हायची. कोलोनहून प्रागला रात्रीच्या बसने गेलो, म्हणजे एका रात्रीचे भाडे वाचले.

ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकचे घर पाहिले. त्याची तिकिटे दर मंगळवारी संगणकावरच मिळतात, दारात मिळत नाहीत. कालव्याकाठच्या या इमारतीच्या मागच्या भागात आठ ज्यू माणसे जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत लपून राहिली. पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागे त्यांची वाट होती. शेवटी ती पकडली गेली. ॲन पंधराव्या वर्षी छळछावणीत मेली. आठांपैकी फक्त वडील वाचले. त्यांच्या इच्छेनुसार त्या खोल्यांत आजही सामान मांडलेले नाही. रिकाम्या खोलीत उभे राहिले की आपोआप आवाज खाली येतो.

कोलोनचे कॅथेड्रल १२४८ साली सुरू झाले आणि १८८० साली पूर्ण झाले. मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या आम्ही चढलो, पत्नी आमच्या पुढे. पण आमच्या मनात राहिले ते रस्त्यावरचे पितळी चौकोन. गुंटर डेमनिग या कलावंताने ही कल्पना काढली. नाझींनी ज्यांना घराबाहेर काढून मारले, त्यांच्या शेवटच्या घरासमोर फूटपाथवर हाताच्या पंज्याएवढा दगड बसवायचा. त्यावर "इथे राहत होते" असे लिहून नाव, जन्मसाल आणि शेवट कोरायचा. असे एक लाखाहून अधिक दगड युरोपभर बसले आहेत. आपल्या पूर्वजांनी केलेला अन्याय आपल्याच दारात लिहून ठेवायला छाती लागते. नाव वाचायचे तर मान खाली घालावीच लागते.

कोलोनहून अर्ध्या तासावर बॉन आहे. बाबासाहेबांनी १९२१ साली तिथल्या विद्यापीठात नाव दाखल केले होते. विद्यापीठाची पिवळी इमारत म्हणजे पूर्वीचा राजवाडा. समोरच्या हिरवळीवर आम्ही तासभर बसलो, फारसे बोललो नाही.

प्रागमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. चार्ल्स पुलावर चालायला पैसे पडत नाहीत. १४१० सालचे घड्याळ दर तासाला चालते, तेही फुकट. त्याच चौकात धर्मसुधारक यान हुसचे स्मारक आहे. चर्चविरुद्ध बोलला म्हणून १४१५ साली त्याला जिवंत जाळले. ५०० वर्षांनी, १९१५ साली, त्याचे स्मारक उभे राहिले.

आणि व्हिएन्ना. लोक तिथे राजवाडे पाहतात. आम्ही राजवाड्याची फुकटची बाग पाहिली आणि मेट्रोने हायलिगेनश्टाटला जाऊन कार्ल मार्क्स होफ गाठले. ही महापालिकेने कामगारांसाठी बांधलेली चाळच, पण एक किलोमीटरहून लांब. १९२७ ते १९३० मध्ये बांधली, त्यात १,३८२ घरे. पैसा कुठून आला? १९२३ साली घरबांधणी कर लावला, मोठ्या घराला जास्त आणि लहान घराला कमी. घरे लहानच, न्हाणीघरे सामाईक, पण नळ आणि संडास प्रत्येक घरात. शिवाय धुलाईघर, बालवाडी, वाचनालय आणि मधे मोठमोठी अंगणे. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारने याच इमारतीवर तोफा डागल्या, तरी ती उभी आहे. महापालिकेची अशी सुमारे २ लाख २० हजार घरे व्हिएन्नात आजही भाड्याने दिलेली आहेत.

पत्नीचा जन्म नायगावच्या बी.डी.डी. चाळीतला. १९२०च्याच दशकात ब्रिटिश सरकारने बांधलेली १६० चौरस फुटांची खोली, कॉरिडॉरच्या टोकाला सर्वांचे संडास. पहाटे चारला ती आईबरोबर रांगेत उभी राहायची. अंगणातल्या बाकावर बसून ती म्हणाली, "जागा कमी होती हे समजते हो. पण दोन्हीकडे कामगारच राहणार होते ना? मग नळ घरात आणायला आपल्याकडे काय अडचण होती?"

आम्ही बी.कॉम. झालो, रोज जमाखर्च मांडतो. पण याचे उत्तर आम्हाला देता आले नाही. अडचण पैशाची असती तर आकडा सांगितला असता. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही आनंदाची बातमी. तिला शंभर वर्षे लागली, हेही विसरू नये.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जमेल तसे पैसे साठवा आणि जग पाहा. राजवाडे जरूर पाहा. पण प्रत्येक शहरात कामगार कुठे राहतात हे विचारा आणि तिथेही जाऊन या. परत आल्यावर मुलांना फोटो दाखवाल, तेव्हा नळाचा तो प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवा. कदाचित उत्तर त्यांना सापडेल.