दादाचा डस्ट-टू

काउंटर-स्ट्राइक 1.6 या गेममध्ये पळणाऱ्याची पावलं समोरच्याला ऐकू जातात. शिफ्ट दाबून चाललं की आवाज बंद. हे मला दादाने शिकवलं, माणिकपूरच्या एका सायबर कॅफेत, माझ्या हेडफोनचा एक कान स्वतःकडे ओढून घेत. "ऐक ना, टनेलमध्ये आहे एक जण." नेमबाजीत तो सुमारच. त्याचं सगळं कानावर चालायचं.

तेव्हा वसईत लोडशेडिंग जोरात. ऐन राउंडमध्ये वीज जायची, यूपीएस कोकलायला लागायचे, आणि उरलेल्या दोन-चार मिनिटांत हिशेब चुकता करायची एकच घाई. आईला हा खेळ मुळीच पसंत नव्हता. भिंतीवर उडालेलं रक्त तिने एकदा पाहिलं होतं. 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये स्फोट झाले. गाड्या आमच्याच बाजूला येत होत्या. त्यानंतर काही दिवस कॅफेत गेममधला टेररिस्ट व्हायला कुणी तयार होईना. मग झाले. पोरंच ती.

दादा गेला तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता. 1 ऑगस्ट 2014 पासून आमच्या पत्त्यातला जिल्हा बदलला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ठाणेच राहिलं. कॅफेच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ज्या वाडीतून आम्ही आडवाटेने घरी यायचो, तिथली विहीर बुजवून इमारत उभी राहिली. आम्ही दोघं हिंडलो ती एकच जागा जशीच्या तशी उरली आहे: डेव्ह जॉन्स्टन नावाच्या इंग्रज तरुणाने 2001 साली रचलेला, वाळवंटी गावाचा तो नकाशा, डस्ट-टू. लाँगचे दुहेरी दरवाजे, बी टनेलमधला अंधार, सगळं जागच्या जागी. जुना गेम लॅपटॉपवर अजून चालतो. कधी रात्री एकटाच सर्व्हर उघडतो आणि एकही गोळी न झाडता फिरून येतो. बी साइटवरची खोकी आली की थांबतो. दादा तिथे दबा धरून बसायचा, मित्र शिव्या घालायचे तरी हलायचा नाही.

पुतण्या नवी आवृत्ती खेळतो. 2017 साली डस्ट-टूचं नूतनीकरण झालं म्हणे. मला तो नको. परवा त्याला जुना नकाशा दाखवला, त्याच्या बाबांची जागाही दाखवली. खोक्यांमागून एकदा डोकावून तो म्हणाला, "म्हणजे पप्पा कॅम्पर होते?"

होताच. पक्का.