टाळ्या कुणाला, रॉयल्टी कुणाला? रोलिंग स्टोन्सच्या ‘नंबर वन’ गाण्यांचा हिशेब

लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ छापलेला टी-शर्ट आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या अंगावर हल्ली सर्रास दिसतो. फुटपाथवर दोनशे रुपयांत मिळतो. ती खूण रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडची. १९७० साली जॉन पाश नावाच्या लंडनच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ती काढली, सुरुवातीची बिदागी ५० पौंड. गायक मिक जॅगरने त्याला नमुना म्हणून कालीचं चित्र दाखवलं होतं. पुढे त्या जिभेवर जगभर धंदा उभा राहिला.

आमच्या अभ्यासवर्गात असा टी-शर्ट घातलेल्या एका पोरावरून वाद पेटला. एक बाजू म्हणाली, या गोऱ्यांनी काळ्यांचं संगीत चोरलं, मग त्यांची जीभ आपल्या छातीवर कशाला? दुसरी बाजू म्हणाली, कलेला वंश नसतो, जात नसते. दोन्ही वाक्यं ऐकायला जोरदार आहेत आणि दोन्ही आळशी आहेत. ‘चोरी’ म्हटलं की पुढे काही तपासावं लागत नाही, आणि ‘कलेला जात नसते’ म्हटलं की तपासणाराच संकुचित ठरतो. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वस्तीत काम करते. तिथे रेशनकार्डापासून मजुरीपर्यंत एकच सवय लागली आहे: कागद काढा, त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. हाच नियम गाण्यांना लावून बघू.

आधी पार्श्वभूमी. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स १९६१ साली डार्टफर्डच्या रेल्वे स्टेशनवर भेटले, तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या काळ्या कलावंतांच्या रेकॉर्ड होत्या. १९६२ मध्ये बँड उभा राहिला, त्याचं नावही मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. मडी वॉटर्स मिसिसिपीच्या कापूस मळ्यातला माणूस. तिथे काळी कुटुंबं बटाईने राबायची आणि वर्षाअखेर मालकाच्या वहीत त्यांच्याच नावावर कर्ज निघायचं. तो १९४३ साली शिकागोला आला. असे लाखो लोक गाव सोडून शहरात आले. गावातला अपमान सोडून शहराची वाट धरणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या स्थलांतरातून शिकागोचा ब्लूज घडला.

पण या लोकांची गाणी ‘नंबर वन’ का होत नव्हती? एक कारण यादीतच होतं. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक गाण्यांच्या खपाच्या याद्या छापतं. काळ्यांच्या गाण्यांची यादी तिथे वेगळी असायची. १९४५ पासून तिचं नाव होतं ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे सरळ वंशाची यादी. १९४९ मध्ये नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. नाव सभ्य झालं, यादी वेगळीच राहिली. पाणवठा वेगळा ठेवायचा आणि त्यावरची पाटी तेवढी बदलायची, हा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे.

आता हिशेब. रोलिंग स्टोन्सची आठ गाणी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि अमेरिकेतही आठच. चार गाणी दोन्हीकडे सामाईक आहेत, म्हणजे एकूण बारा. त्यातल्या काही गाण्यांचे कागद काढू.

पहिलं, ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ’. जुलै १९६४ मध्ये ब्रिटनमधलं त्यांचं पहिलं ‘नंबर वन’. ते शिकागोच्या चेस स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं, पण मूळ गाणं बॉबी वोमॅक आणि शर्ली वोमॅक यांचं. बॉबी आणि त्याचे भाऊ ‘द व्हॅलेंटिनोज’ या नावाने गायचे. त्यांची स्वतःची रेकॉर्ड शंभराच्या यादीत तळालाच राहिली. एका गोऱ्या बँडने आपलं गाणं घेतलं म्हणून बॉबी चिडला होता. त्यांनी स्वतःचं गाणं लिहावं, असं त्याचं म्हणणं. काही महिन्यांनी रॉयल्टीचा चेक आला आणि त्याचं मत बदललं. आता जॅगरला हवं ते गाणं देतो, असं तो म्हणाला. हा किस्सा तो नंतर हसत सांगायचा. इथे काय घडलं? त्याला मान मिळाला म्हणून राग गेला असं नाही. कागदावर त्याचं नाव होतं, म्हणून पैसा त्याच्या दारात आला.

दुसरं, ‘लिटल रेड रूस्टर’, डिसेंबर १९६४. गाणं विली डिक्सनचं, आधी हाउलिन वुल्फने १९६१ मध्ये गायलेलं. कुठलीही सफाई न करता, संथ लयीतला अस्सल ब्लूज स्टोन्सने ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकावर नेला. डिक्सनचं नाव गीतकार म्हणून होतं. हा डिक्सन समजून घ्यावा असा माणूस आहे. जो देश मला बरोबरीने वागवत नाही त्याच्यासाठी मी लढणार नाही, अशी भूमिका घेऊन त्याने दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला नकार दिला आणि तुरुंग भोगला. पण रेकॉर्डवर नाव असूनही त्याच्या गाण्यांचे हक्क चेस बंधूंच्या आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीकडे होते. डिक्सन आणि मडी वॉटर्स या दोघांना आपल्याच गाण्यांसाठी कोर्टात जावं लागलं. पुढे डिक्सनने ‘लेड झेपेलिन’ या दुसऱ्या गोऱ्या बँडवरही दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याने आणखी काय केलं? ब्लूज कलावंतांना त्यांचे हक्क मिळवून देणारी संस्था काढली. ती आज चेस कंपनीच्याच जुन्या इमारतीत आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे सूत्र त्याने ऐकलं असण्याचं कारण नाही, पण तो जगला तसाच.

तिसरं गाणं सगळ्यात महत्त्वाचं. ‘द लास्ट टाइम’, १९६५. गीतकार म्हणून नावं जॅगर आणि रिचर्ड्स यांची. पण गाण्याचा गाभा स्टेपल सिंगर्स या काळ्या कुटुंबाने १९५० च्या दशकात गायलेल्या भक्तिगीतातून आलेला. रिचर्ड्सने पुढे हे उघड मान्य केलं. कुटुंबप्रमुख पॉप्स स्टेपल्स मिसिसिपीच्या मळ्यात वाढलेला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभांमध्ये हे कुटुंब गायचं. म्हणजे चळवळीचे गायक. कागदावर मात्र त्यांचं नाव नाही.

याच गाण्याची पुढची गोष्ट ऐका. त्याची एक वाद्यवृंदातली आवृत्ती निघाली. १९९७ मध्ये ‘द व्हर्व्ह’ या ब्रिटिश बँडने तिचा तुकडा आपल्या ‘बिटर स्वीट सिम्फनी’ या गाण्यात वापरला. हक्क ज्यांच्याकडे होते ते उभे राहिले आणि त्या गाण्याचं श्रेय व उत्पन्न जॅगर-रिचर्ड्सच्या नावावर गेलं. शब्द लिहिणारा रिचर्ड अॅशक्रॉफ्ट वर्षानुवर्षं लढला. २०१९ मध्ये जॅगर-रिचर्ड्सने हक्क त्याला परत दिले, जगभर कौतुक झालं. बरं झालं. पण वरचे दोन थर आपसात मोजले गेले, सगळ्यात खालचा थर तसाच राहिला.

कोणी म्हणेल, स्टोन्सने तर काळ्या कलावंतांना नेहमी मान दिला. खरंच दिला. मे १९६५ मध्ये ‘शिंडिग’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात यायला त्यांनी अट घातली की आमच्यासोबत हाउलिन वुल्फलाही बोलवा. तो आडदांड काळा गायक गात होता आणि हे तरुण त्याच्या पायाशी बसून ऐकत होते. वंशभेदाचे कायदे नुकते मोडत असलेल्या देशात हे लहान काम नव्हतं. २०१६ मध्ये त्यांनी एक आख्खा अल्बम जुन्या ब्लूज गाण्यांचा काढला, मूळ गीतकारांच्या नावांसह, त्यात डिक्सनची दोन गाणी आहेत. म्हणून सरसकट ‘चोर’ म्हणणं मला पटत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. आदर ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट आहे, आज दिला, उद्या नाही दिला. हक्क मर्जीवर चालत नाही. बॉबी वोमॅकला आदराआधी हक्क मिळाला. स्टेपल्स कुटुंबाला आदर मिळाला, हक्क नाही. बाबासाहेबांनी महाडला दयेची याचना केली नव्हती, हक्क बजावला होता. तीच कसोटी गाण्याला लावली की कलेला जात असते की नसते हा वाद बाजूला पडतो. कलेला नसेल, पण करारनाम्याला असते.

उलट दिशेचं उदाहरणही बघा. १९६५ चं ‘सॅटिस्फॅक्शन’ हे अमेरिकेतलं स्टोन्सचं पहिलं ‘नंबर वन’. त्याच वर्षी काळा गायक ओटिस रेडिंग याने ते स्वतःच्या ढंगात गायलं. पण गीतकाराचे पैसे नियमाप्रमाणे जॅगर-रिचर्ड्सला. नियम तर समान दिसतो. फक्त नोंदणीच्या खिडकीपर्यंत कोण आधी पोचतो, हे समान नसतं.

१९७१ चं ‘ब्राउन शुगर’ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गुलाम काळ्या स्त्रियांवरचा अत्याचार त्यात नाचायच्या ठेक्यावर येतो. पन्नास वर्षांनी, २०२१ च्या दौऱ्यात, त्यांनी ते गाणं वगळलं. रिचर्ड्सचं म्हणणं, ते गुलामीच्या क्रौर्यावरचंच गाणं आहे. असेल. पण ज्या बाईवर गाणं आहे तिला त्यात आवाज नाही. स्त्री म्हणून मला हे खटकतं, ठेका कितीही जबरदस्त असला तरी. आणि १९७८ चं ‘मिस यू’, अमेरिकेतलं त्यांचं शेवटचं ‘नंबर वन’. त्यात काळजात घुसणारा माउथ ऑर्गन वाजवलाय शुगर ब्लू या काळ्या वादकाने. वादक म्हणून अल्बमवर त्याचं नाव आहे, गाणं मात्र जॅगर-रिचर्ड्सच्या नावावर.

यावर शेवटचा आक्षेप येतो: स्टेपल सिंगर्सचं गाणंसुद्धा पारंपरिकच होतं, मग मालक कोण? आक्षेप खोटा नाही. डिक्सनच्या कोंबड्याच्या गाण्यालाही आधीच्या ब्लूजची मुळं आहेत. पण ‘पारंपरिक’ या शब्दाची मला वेगळीच ओळख आहे. माझे मामा गायन पार्टीला गाणी लिहून द्यायचे. जयंतीच्या सुपाऱ्या, पेटी, ढोलकी, रात्रभर सामना. नव्वदच्या दशकात एका कॅसेट कंपनीने त्यांची चार गाणी किरकोळ एकरकमी पैशात घेतली. कॅसेटवर गायकाचं नाव, कंपनीचं नाव, आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’. मामा तेव्हा जिवंत होते, समोर बसून ती कॅसेट ऐकत होते. आपल्या गीतकारांनी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायची रीत पाळली, वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतो, ती उगाच नाही. ज्याच्याकडे कागद नव्हता त्याने गाण्यातच सही केली. मामांच्या गाण्यातली ती सहीसुद्धा गायकाने बदलली होती.

गायरान पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून ती जमीन ‘कुणाचीच नाही’ ठरते आणि मग कुणाची तरी होते. ‘पारंपरिक’ गाण्याचं तेच होतं.

अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस याने १९०३ च्या आपल्या ग्रंथात प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्यांच्या स्वरलिपी छापल्या. याच ड्युबॉइसला बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये आपल्या पँथरने नाव घेतलं ते तिथल्याच ब्लॅक पँथरवरून. नातं जुनं आहे. त्यांच्या लढ्यातून घोषणा घेतल्या, आता कागदाची शिस्तही घेऊ.

म्हणून टी-शर्ट खुशाल घाला, गाणीही ऐका. पण एवढं करा. आपल्याकडे गाणं लिहिलं किंवा मुद्रित झालं की कॉपीराइट तयार होतो, नोंदणी हा पुरावा. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सुरक्षित केला की तो कंपनीला लिहून देता येत नाही. वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीलाच देता येतो. तरीही आपली पोरं जुनी भीमगीतं यूट्यूबवर टाकतात आणि गीतकाराची जागा रिकामी सोडतात. पुढच्या जयंतीआधी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या गीतकारांकडे वही आणि मोबाइल घेऊन जा. गाणं कुणी लिहिलं, कधी, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे गायलं, सगळं तारखेसह नोंदवा, त्यांच्या आवाजात मुद्रित करा. आणि मगच गा.

जय भीम!