कुसळ, मुसळ आणि न्यायासन

डोळ्यात मुसळ अडकलेला माणूस शेजाऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाला आहे, हे चित्र खरोखर डोळ्यांपुढे आणलं तर हसू आल्याशिवाय राहत नाही. म्हण वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यातली गंमत आपल्याला जाणवेनाशी झाली. मत्तयाच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात येशूने हे चित्र उभं केलं आहे आणि मराठी बायबलातही कुसळ-मुसळाचीच जोडी आहे. ते येतं कुठे, तर दुसऱ्याचा न्याय करण्याविषयीच्या उपदेशात. शुभवर्तमानांत येशू रडल्याची नोंद आहे, हसल्याची नाही. तरी न्याय करायला बसणाऱ्याला सावध करताना त्याला हसवणारी प्रतिमाच हाताशी घ्यावीशी वाटली. म्हणून मला वाटतं की न्यायाधीशाचं निर्मळ हसू आणि ख्रिस्ती श्रद्धेतली करुणा यांचं मूळ एकच आहे. उंच आसनावर बसलेल्याला दोन्ही एकच आठवण देतात: समोर उभा असलेला माणूस आपल्याच जातकुळीचा आहे.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स शहराच्या नगर न्यायालयात १९८५ ते २०२३ अशी जवळजवळ चार दशकं बसलेले फ्रँक काप्रिओ यांच्या आयुष्यात हे मूळ स्पष्ट दिसतं. त्यांचा जन्म १९३६चा, इटलीहून आलेल्या कॅथलिक कुटुंबातला. वडील आधी फळं विकत, मग दूध घालत. पहाटेच्या दूधगाडीवर मुलांनाही ते सोबत नेत. पैसे थकलेल्या घराचं दूध वडिलांनी तोडलं नाही, हे काप्रिओ पुढे अनेकदा सांगत. दिवसा शाळेत शिकवून रात्री बोस्टनला कायदा शिकलेला हा मुलगा न्यायाधीश झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी उद्धटपणे बोलणाऱ्या एका बाईला त्याने सगळा दंड कडकपणे भरायला लावला. त्या दिवशी न्यायालयात बसलेल्या वडिलांनी नंतर मुलाला सांगितलं की ती उद्धट नव्हती, घाबरलेली होती आणि तिच्या घरी मुलं होती. हा प्रसंग काप्रिओंनी स्वतःच जगाला सांगितला, आणि सांगताना चूक स्वतःकडे ठेवली. डोळ्यातलं मुसळ ओळखणं म्हणजे हेच. उपासनेत ऐकलेला उपदेश आणि दूधवाल्या बापाचं बोलणं या ठिकाणी एक होतात.

या न्यायालयात हसू कुणाच्या वाट्याला येई, हे पाहण्यासारखं आहे. बापाच्या गाडीचा दंड किती असावा हे ठरवायला काप्रिओ लहान मुलाला आसनाशेजारी बोलावत, आणि बाप दोषी आहे का असं विचारल्यावर ते पोर निरागसपणे ‘दोषी’ म्हणून मोकळं होई. सारं न्यायालय हसे, बापही हसे. दहाला गाडी उभी करायची मुभा आणि पावतीवरची वेळ दहाला काही सेकंद कमी, अशा प्रकरणात हसू येई ते कायद्याच्या काटेकोरपणाचं, गाडीवाल्याचं नव्हे. शाळेजवळ वेग ओलांडला म्हणून आलेले ९६ वर्षांचे एक गृहस्थ आपल्या आजारी, अपंग, ६३ वर्षांच्या मुलाला रक्ततपासणीला नेत होते हे कळल्यावर मात्र काप्रिओंनी विनोद केला नाही. बापाच्या मायेला मान देऊन प्रकरण रद्द केलं. कुठे हसावं आणि कुठे गप्प बसावं, हे ज्याला कळतं त्याचं हसू दुबळ्याच्या अंगावर पडत नाही. सत्तेने हिणवण्यासाठी केलेलं हास्य आणि हे हास्य यांत आकाशपाताळाचं अंतर आहे.

कायदा सर्वांना सारखा असताना एकाचा दंड माफ आणि दुसऱ्याचा नाही, हा कुठला न्याय, असा यावर आक्षेप येईल. मराठी मनात न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. नारायणरावाच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादाला दोषी ठरवलं, तिथे माफीला जागा नव्हती. पण शास्त्रीबुवांची कठोरता सत्तेपुढे होती, हे आपण विसरतो. सत्ताधाऱ्यापुढे न झुकणं आणि दीनापुढे वाकणं ही एकाच न्यायबुद्धीची दोन अंगं आहेत. शिवाय तोच दंड श्रीमंताला चहापाण्याचा खर्च असतो आणि मजुराला आठवड्याचा किराणा. फिनलंडने १९२१ पासून काही गुन्ह्यांचा दंड माणसाच्या मिळकतीच्या मापाने ठरवला तो यामुळेच. दंड हे शहराच्या कमाईचं साधन झालं की काय होतं, हे मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराविषयी अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१५ साली दिलेल्या अहवालात दिसतं. समोरच्याची ऐपत न पाहता आकारलेला सारखा दंड दिसायला समान असतो, पण त्याचा भार समान नसतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हे सगळं कॅमेऱ्यासमोर चाले, गरिबाची अडचण लोकांच्या करमणुकीला वापरली जाई. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. मात्र पाहणारे नुसते हसून थांबले नाहीत. त्यांच्या देणग्यांतून काप्रिओंच्या आईच्या नावाचा ‘फिलोमेना निधी’ उभा राहिला आणि ज्यांना दंड झेपत नाही त्यांचा दंड त्यातून भरला जाऊ लागला. प्रेक्षक शेजारी झाला. जखमी वाटसरूजवळ थांबलेल्या शोमरोनी माणसाच्या कथेचा अर्थ याहून वेगळा नाही. तिसरा आक्षेप धर्माचा. न्यायालय धर्मनिरपेक्ष असावं, हे खरंच. पण निकाल कायद्यातूनच यावा लागतो आणि कायद्यातही दयेला जागा असते. आपल्याकडच्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने किरकोळ गुन्हेगाराला ताकीद देऊन सोडण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिलाच आहे. श्रद्धा तो अधिकार निर्माण करत नाही. तो वापरण्याआधी समोरच्याची गोष्ट पुरती ऐकून घ्यायला शिकवते. जी श्रद्धा निकाल आधीच ठरवून आसनावर बसते, ती मुसळवाल्याची श्रद्धा.

दहा हजार तालांतांचं कर्ज माफ झालेला एक चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, अशी कथा मत्तयाच्याच शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात आहे. काप्रिओंची श्रद्धा मला या कथेच्या जवळची वाटते. दया करणारा न्यायाधीश काही उपकार करत नसतो. आपल्याला मिळालेलं तो पुढे देत असतो. १९ ऑगस्ट २०२५ रोजी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने खिळलेल्या काप्रिओंनी रुग्णालयातल्या खाटेवरून लोकांना विनंती केली की माझ्यासाठी प्रार्थना करा. दुसऱ्या दिवशी, वयाच्या ८८व्या वर्षी, ते गेले. आयुष्यभर आसनावर बसून दुसऱ्याची विनवणी ऐकलेला माणूस शेवटी स्वतः विनवणारा झाला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. कारण न्यायासन आणि त्यासमोरची जागा यांतलं अंतर फार नसतं, हे दूधगाडीवर शिकलेला तो मुलगा कधी विसरलाच नव्हता.