सर्वनामाचा प्रश्न

अर्सुला ल ग्विन यांनी १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत कायमचा लिंगभेद नसलेली माणसे कल्पिली. सर्वनाम मात्र पुरुषाचेच दिले. स्त्रीवादी समीक्षेने नेमके तेथे बोट ठेवले. १९७६ च्या निबंधात लेखिकेने त्याचे समर्थन केले. १९८७ मध्ये त्याच निबंधाला स्वतःची टिपणे जोडून ते मागे घेतले. चूक न खोडता तिच्या शेजारी उत्तर लिहिण्याचा हा प्रांजळपणा विरळा.

मराठी अनुवादकाची अडचण याहून बिकट. बंगालीत सर्वनाम व क्रियापद लिंगनिरपेक्ष असते; मराठीत ‘आला’ किंवा ‘आली’ म्हणताच निवाडा होतो. नपुंसकलिंगी ‘आले’ म्हणावे, तर माणूस मूल तरी होतो, नाही तर वस्तू. लेखिकेने दोनदा दिलेले उत्तर मराठीला वाक्यागणिक द्यावे लागते.