मोत्याचे बिऱ्हाड

चंद्रपूर जिल्ह्यात राहतो म्हटले, की पुण्या-मुंबईचे पाहुणे पहिल्यांदा उन्हाळ्याची चौकशी करतात. आमच्या उन्हाची कीर्ती दूरवर पोचली आहे, आणि ती खोटीही नाही. पण गोंडपिपरीला थंडी पडते असे सांगितले, तर माझी सख्खी बहीणसुद्धा हसते. तिने एकदा पौषात येऊन पाहावे. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, मध्ये जंगल आणि रिकाम्या झालेल्या धानाच्या बांध्या! पहाटे अंगणातली तुळस न्हाऊन निघाल्यासारखी दवाने भिजलेली असते. अशाच एका पहाटे मला आमच्या मोत्यापुढे मान खाली घालावी लागली.

मोत्या हा अंगणातला कुत्रा. त्याने उंबरठा ओलांडायचा नाही, हा सौभाग्यवतींचा दंडक. आणि घरातले दंडक मोडण्याची माझी प्राज्ञा नाही. तेव्हा मी आपला मधला मार्ग काढला. जुनी जाड चादर चौघडी करून अंगणातल्या फरशीवर घातली, मोत्याला साखळी लावली आणि पुण्यकर्म केल्याच्या समाधानात रजई ओढून झोपलो.

पहाटे उठून पाहतो, तो चादर ओलीगच्च आणि मोत्या तिच्यावर नाही. अंगणाच्या कोपऱ्यात पाणी तापवायची चूल आहे. तिच्या कोमट राखेकडे तो निघाला होता. साखळी हातभर कमी पडली होती. जिथे ती संपली तिथेच, नाक शेपटीखाली खुपसून, अंगाचे वेटोळे करून तो कुडकुडत पडला होता. मला पाहून त्याने शेपटी हलवली. त्याने गुरगुरायला हवे होते. मला बरे वाटले असते.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा नामदेव मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. मुलांचे डोळे पाणावतील इतका चांगला शिकवतो, असा माझा समज आहे. त्या दिवशी तो तास मी घेतला नाही. व्याकरण घेतले.

संध्याकाळी शेजारच्या आजीबाईंनी वाळत घातलेली चादर पाहिली. म्हणाल्या, "मास्तर, कुत्र्याले चादर कायले देता जी? चादर ओल धरते. तणस टाका ना."

तणस म्हणजे धानाचा पेंढा. आमच्याकडे त्याची वाण नाही. आजीबाईंचे शास्त्र अगदी चोख होते. पेंढ्याची काडी आतून पोकळ. कुत्रा त्यात घुसला, की काड्यांतली आणि काड्यांमधली हवा त्याच्याभोवती अडकून राहते. कुत्र्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा थोडी अधिकच असते. तो स्वतःच एक शेगडी आहे. पेंढा ऊब देत नाही, त्याची ऊब त्याच्यापाशी राखतो. कापड मात्र दव पिते आणि उलट अंगातली ऊब ओढून घेते.

बदलीच्या वेळी माझी पुस्तके ज्या लाकडी खोक्यातून आली, तो मी कामी लावला. जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली विटा. तोंड वाऱ्याकडे पाठ करून, सकाळचे ऊन येईल असे. मी मोठा खोका शोधत होतो. आजीबाईंनी लहानच घ्यायला लावला. मोठी खोली एकट्याच्या उबेने तापत नाही, हे कोणत्याही ब्रह्मचाऱ्याला विचारावे! रात्री मूठभर भात जास्त, आणि तणस ओले झाले की बदलायचे. पहिल्या रात्री मोत्या नव्या बिऱ्हाडाबाहेरच बसला. दुसऱ्या रात्री आत पोळीचा तुकडा टाकला. तो आत शिरला, तीनदा गोल फिरला आणि पेंढ्यात दिसेनासा झाला.

आजीबाई बिऱ्हाड पाहायला आल्या. "खोली झकास झाली जी," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर साखळीवर थांबली. "पण बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याले वाढून ठेवलेलं ताट."

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. २०२१ साली आमच्या भागातले कन्हाळगावचे जंगल अभयारण्य झाले; जनावरे आमच्या शेजारची आहेत. तिकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. मी हे वाचलेही होते. वाचलेले आणि अंगणातले यांची गाठ पडायला आजीबाई लागल्या.

उघड्यावरचा कुत्रा पळून तरी जाईल. आम्ही त्याची तीही सोय ठेवली नव्हती. आणि वर म्हणत होतो, तो आमची राखण करतो.

मी घरात काही बोललो नाही. बोलायचे धाडस झाले नाही. पण त्या रात्री जेवणे झाल्यावर खरडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो, तो पदर खोचून सौभाग्यवती खोका ओढीत होत्या. जाळीच्या दाराच्या छपरीत, म्हणजे तुमच्या पडवीत, त्यांनी तो भिंतीशी लावला. मोत्याची साखळी काढली, त्याला आत घेतले आणि दाराला कडी घातली.

"दंडकाचे काय?" मी विचारले.

"छपरी म्हणजे काही घर नव्हे," त्या म्हणाल्या. "उंबरठा पुढे आहे."

यंदा दिवाळीचा फराळ अजून कढईत आहे. हलका धान निघू लागला आहे. कालच स्वयंपाकघरातून हुकूम आला, "तणस सांगून ठेवा. मागच्यासारखा उशीर नको. आणि कोरडे बघून आणा. तुमचा काही नेम नाही."